रक्ताला भ्यालेला हात

१

शिवणबाईंनी दार ढकललं तेव्हा आधी फिनेलचा वास आला. मग ती दिसली.

कापड बेतायच्या लांब टेबलाला पाठ लावून ती जमिनीवर बसली होती. मान एका खांद्यावर कलली होती. जबडा जागेवर नव्हता. शेजारी इस्त्री पडली होती आणि इस्त्रीच्या टोकाला केस चिकटले होते. कापडाची मोठी कात्री डाव्या खांद्यात मुठीपर्यंत रुतली होती. रक्त टेबलाच्या पायापासून शिवणयंत्राच्या पायट्यापर्यंत पसरलं होतं. भर दुपारी, इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, माणसांची ये-जा चालू असताना कुणीतरी एका बाईला जनावरासारखं मारलं होतं.

शिवणबाई ओरडल्या नाहीत. त्या मटकन खाली बसल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि टेबलावरचं कोरं कापड बोळा करून जखमेवर दाबलं. हात कोपरापर्यंत लाल झाले. "देवा, एवढा एक श्वास दे. आता आणखी एक दे," असं त्या म्हणत राहिल्या. आणि देवही बघा, मागितलेलं एकेक करून देत राहिला. ती जिवंत होती.

फौजदारबाई आल्या तोवर तिला शस्त्रक्रियेला नेलं होतं. फौजदारबाई आडव्या बांध्याच्या, बोलायला तिखट आणि मनानं लोण्यासारख्या. त्यांनी खोली डोळ्यांनी सावकाश चाटून घेतली. दारावर पाटी होती, ‘महिला शिवणवर्ग’. दाराची कडी शाबूत होती. फिनेलचा डबा रिकामा होऊन आडवा पडला होता.

"हवालदार, नाकाला काय सांगतंय?"

"बाई, रक्त पुसायचा प्रयत्न केलाय."

"पुसलंय कुठे? रक्त सगळं जागच्या जागी आहे. फिनेल ओतलंय ते बेसिनमध्ये, नळावर, कडीवर. साबणाची वडी बघा, घासून घासून पापुद्रा उरलाय. ह्या माणसानं खोली धुतली नाही. स्वतःला धुतलं."

टेबलाखाली एक सुई सापडली. दोरा ओवलेली, मधोमध वाकलेली आणि टोकापासून नेढ्यापर्यंत रक्तानं माखलेली.

"काज करायला देऊन मी दोरा आणायला गेले होते," शिवणबाई दारातून म्हणाल्या. त्यांनी अजून हात धुतले नव्हते. "हातात सुईच होती तिच्या. दुसरं काय असणार गरिबाच्या हातात!"

तेवढ्यात जिन्यावरून वकीलबाई धावत आल्या. काळा कोट हातावर, केस सुटलेले. रक्त बघून त्यांनी चौकट धरली.

"दार आतून उघडलं गेलंय, वकीलबाई," फौजदारबाई म्हणाल्या. "म्हणजे मारणारा तिच्या ओळखीचा. आता मला एक सांगा. शिवणवर्गात वकिलाचं काय काम?"

वकीलबाईंनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"हा शिवणवर्ग नाहीच."

२

वकीलबाईंनी सांगितलं ते असं.

पलीकडच्या इमारतीत एच.आय.व्ही.च्या गोळ्या मिळत. गोळ्यांना येणाऱ्या बायकांना औषध मिळे, पण न्याय मिळत नसे. नवरा गेला की सासरचे घराबाहेर काढत, मूल हिसकावून घेत, कामावरून हाकलत. वकिलाकडे जावं तर वकिलाच्या पाटीखाली बसलेलं कुणीतरी बघणार आणि गावभर करणार. म्हणून वकीलबाईंनी ही खोली मागून घेतली आणि दारावर शिवणाची पाटी लावली. बायका पिशवीत कापड घेऊन येत. एका कोपऱ्यात त्या वकीलबाईंशी बोलत, तोवर शिवणबाई त्यांच्या कापडावर चार टाके पुढे घालून ठेवत, म्हणजे घरी दाखवायला शिवण वाढलेली दिसे. आतली कडी काढायची ती एकाच बोलावर. बाहेरून म्हणायचं, "काज राहिलंय." हा बोल खोलीतल्या माणसांनाच ठाऊक.

"आणि ही?"

"हिचा नवरा गेला. त्याच्या घरातल्या दोन खोल्या हिच्या हक्काच्या, तिथून दीर हिला काढतोय. मुलगीही त्याला हवी. चार दिवसांनी निकाल आहे. हिला आजार आहे हे त्याला कळलं, तर तो कोर्टात उभा राहून ओरडेल. लेकीला घेऊन जाईल आणि शेजारीपाजारी हिला त्या खोल्यांत जगू देणार नाहीत. ते कळू नये म्हणूनच तर हे सगळं सोंग."

"मुलगी कुठे आहे?"

"आत्ता आजोळी पाठवली."

हवालदार आत आला. "बाई, दीर सापडला. दुपारी ह्याच मजल्यावर होता. पहारेकऱ्यानं ढकलून काढलं त्याला. शिव्या देत होता."

वकीलबाईंनी फौजदारबाईंचा हात घट्ट धरला.

"तुम्ही त्याला विचाराल, त्याला माहीत होतं का. पण ते विचारलंत, की त्याला कळलंच!"

३

दीर खुर्चीत पाय पसरून बसला होता. शर्टाच्या बाहीवर तपकिरी डाग.

"काय शिकते म्हणे, शिवण! घरात एक बटण लावत नाही आणि कोर्टात दावे लावते. मागे मागे आलो बघायला. पाटी वाचली, शिवणवर्गच आहे. म्हटलं, बाहेर येऊ दे, मग बघतो. तो पहारेकरी आडवा आला, मेला."

"बाहीवर कसलं रक्त?"

"कालचं आहे. तिचंच."

हवालदार चमकून बघायला लागला. फौजदारबाईंनी पेन उघडलं.

"सविस्तर सांगा की. मी ऐकतेय."

"उलट बोलली. ठेवून दिली तोंडावर. एकदा नाही, चांगली पाच-सहा वेळा. तिच्या दातावर बोटं फुटली माझी, ही बघा." त्यानं मूठ पुढे केली. बोटांच्या सांध्यांवर दातांनी चिरलेल्या खोल खाचा होत्या, उघड्या, ओल्या. बोलता बोलता त्यानं त्यातलीच एक तोंडात घालून चोखली. "घरची बाई आहे. घरात मारतो. त्यात पोलिसांचं काय जातं?"

"औषध लावलं नाही?"

"एवढ्याशाला? मी काय बायको आहे का कुणाची, रडत बसायला!" तो हसला. "तिच्याच हातचं जेवलो रात्री, ओठ सुजलेला असताना वाढलं तिनं. अशी सरळ होते बघा बाई."

फौजदारबाईंच्या हातातलं पेन मोडलं. त्यांनी दोन्ही तुकडे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"हवालदार, ह्यांच्या बोटांचे फोटो घ्या, बाही कापून घ्या, आणि ह्यांना आत टाका. कालच्या मारहाणीसाठी. कबुली तोंडानंच दिलीय त्यांनी."

"आणि आजचं, बाई? खुनी हल्ल्याचं?"

फौजदारबाई हवालदाराला घेऊन बाहेर व्हरांड्यात आल्या. मग थुंकावं तसं म्हणाल्या, "हा राक्षस आहे, हवालदार. पण आजचा हल्ला ह्यानं केलेला नाही."

४

"असं कसं म्हणता?" वकीलबाई शस्त्रक्रियेच्या दाराबाहेर बाकावर बसल्या होत्या. दारावरचा दिवा अजून लाल होता. "तो तिथे होता! तो रोज मारतो तिला!"

"रोज मारतो म्हणूनच म्हणते. तिच्या तोंडातलं रक्त त्याच्या फुटलेल्या बोटात गेलं, आणि तो ती जखम चोखतोय, तिच्या हातचं जेवतोय. आजाराचं ज्याला ठाऊक आहे, असा अडाणी माणूस हे करेल? तो तर काठीनंसुद्धा तिला शिवला नसता. म्हणजे त्याला माहीत नाही. आणि ज्यानं आज मारलं, त्यानं काय केलं? रक्त तसंच टाकून पळायच्या ऐवजी कातडं सोलेपर्यंत हात धुतले, नळाची चावी आणि कडीसुद्धा फिनेलनं भिजवली. तो रक्ताला भ्याला. तिच्याच रक्ताला. का भ्याला?"

वकीलबाईंचा चेहरा पांढरा पडला.

"कारण त्याला ठाऊक होतं," त्या हळूच म्हणाल्या.

"आणि ‘काज राहिलंय’ हा बोलही ठाऊक होता. आता असे किती जण?"

"मी. शिवणबाई. आणि आमचे छोटे वकील, माझ्या हाताखालचे. पण छोटे वकील आजाराबद्दल इतकं छान बोलतात की..." त्या थांबल्या.

"बोला. पूर्वरंग पुरे."

"गेल्या काही महिन्यांत आमच्या तीन बायकांनी आपापले दावे मागे घेतले. चांगले चालले होते दावे. एकीनंही कारण सांगितलं नाही, नुसत्या रडल्या. तिन्ही दावे छोट्या वकिलांकडे होते. काल संध्याकाळी हिचा फोन आला होता, ‘बाई, उद्या जरा लवकर येते, तुम्हाला एकटीला काही सांगायचंय.’ मी सांगितलं, ये, मी कोर्टातून तीनपर्यंत पोचते."

"हा फोन ऐकला कुणी?"

"छोटे वकील समोर बसले होते."

फौजदारबाईंनी छोट्या वकिलांना गाठलं ते इस्पितळाच्या उपाहारगृहात, दुसऱ्या दिवशी सकाळी. तरुण माणूस, कडक इस्त्रीचा सदरा, उजवा हात खिशात. समोरचा चहा गार झाला होता.

"घ्या ना चहा."

"नको, पित्त झालंय. सकाळपासून मळमळतंय." त्यांनी रुमाल तोंडाला लावला. "काय सांगू बाई, झोप नाही. देवमाणूस होती ती. समाजात अज्ञान किती आहे बघा! मी गावोगाव सांगत हिंडतो, शिवल्यानं काही होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही. पण लोकांच्या मनातली भीती जात नाही."

"तुमच्या मनातली गेली?"

"कधीच! मी तर ह्या बायकांमध्येच वावरतो."

"काल दुपारी?"

"कोर्टात होतो. दिवसभर."

फौजदारबाईंनी परतताना शिवणबाईंना गाठलं. "छोटे वकील तुमच्या खोलीत चहा पीत असत का हो?"

शिवणबाई ओशाळं हसल्या. "आमच्या कपातून? छे! स्वतःची बाटली आणायचे. बायका उठून गेल्या की खुर्ची पुसून बसायचे. आम्ही म्हणायचो, नीटनेटके आहेत बिचारे."

फौजदारबाई खिडकीशी उभ्या राहिल्या. हातात होतं काय? एक वास, एक पुसलेली खुर्ची. कोर्टात ह्यानं माशीसुद्धा अडकणार नाही. आणि आत डॉक्टर म्हणत होते की ती शुद्धीवर येईल, न येईल, सांगता येत नाही.

"हवालदार," त्या अखेर म्हणाल्या, "मी आज एक पाप करणार आहे. चांगल्या माणसांशी खोटं बोलणार आहे. देव मला फटकावील तर फटकावो."

५

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर तिघं जमले. वकीलबाई, शिवणबाई, छोटे वकील. फौजदारबाई आतून आल्या आणि त्यांनी टोपी काढली.

"एक विलक्षण गोष्ट कळलीय. काल तिचं रक्त पुन्हा तपासलं. तिला आजार नाहीच. पहिल्या वेळी दुसऱ्या कुणाच्या नळीशी अदलाबदल झाली होती. तिचं रक्त स्वच्छ आहे. होतंच."

शिवणबाईंनी दोन्ही हात तोंडावर घेतले आणि त्या रडू लागल्या. "अगं बाई! अगं माझे आई! आणि इतकी वर्षं घाबरून जगली ती!"

"हे शक्य नाही," वकीलबाई रागानं म्हणाल्या. "कुणाची चूक? मी त्यांना कोर्टात खेचीन!"

दोघींनाही तिचीच काळजी होती. एकीच्या डोळ्यांत तिच्यासाठी पाणी, एकीच्या तोंडात तिच्यासाठी आग.

छोटे वकील मागे सरले. त्यांनी भिंतीला डोकं टेकलं, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ अडवून धरलेला श्वास सोडला. उजवा हात खिशातून आपोआप बाहेर आला आणि डाव्या हाताचा अंगठा त्याच्या तळव्यावरून मायेनं फिरू लागला. तळव्याच्या मधोमध एक बारीक, सुजलेलं, लाल छिद्र होतं.

"खात्रीनं ना?" त्यांनी विचारलं. "कालच्याच रक्ताची तपासणी ना? कालच्याच?"

"कालच्याच रक्ताचं तुम्हाला काय पडलंय, वकीलसाहेब?"

छोट्या वकिलांनी मूठ मिटली.

"तिला बरं वाटेल का, असं नाही विचारलंत. पहिली तपासणी कुणी चुकवली, असंही नाही. कालचं रक्त. जे तिच्या सुईवर होतं आणि ती सुई तुमच्या तळव्यात घुसली. तिनं जीव वाचवायला तेवढंच केलं. तुम्ही तिला इस्त्रीनं मारलं, कात्री भोसकली, आणि मग तिला तशीच टाकून बेसिनपाशी उभे राहिलात. आणि आज सकाळपासून मळमळतंय, ते पित्त नाही. लागण होऊ नये म्हणून घाईघाईनं सुरू करतात त्या गोळ्यांनी कुणाकुणाला असंच होतं. ही इमारत ओळखीची, म्हणून त्या दुसरीकडून आणल्या असणार. खिसा दाखवा."

त्यांनी खिसा दाखवला नाही. त्यांनी शेजारची औषधांची ढकलगाडी हवालदाराच्या अंगावर उलटवली. बाटल्या फुटल्या, हवालदार काचांवर पडला, कपाळ फाटलं. छोटे वकील जिन्याकडे धावले आणि आडव्या आलेल्या वकीलबाईंच्या पोटात त्यांनी कोपर हाणलं. पण जिन्याच्या तोंडाशी शिवणबाई उभ्या होत्या. अख्खा जन्म पायानं यंत्र चालवलेल्या त्या बाईनं एकच पाय पुढे घातला. छोटे वकील सबंध जिना गडगडत खाली गेले. नाक फुटलं, दात फरशीवर सांडले, आणि त्यांच्या खिशातून गोळ्यांची डबी निसटून खुळखुळत पायरीपायरीनं त्यांच्या मागे गेली.

हवालदार कपाळावरचं रक्त पुसत जिना उतरला आणि त्यांना बेड्या घालायला वाकला. हवालदाराच्या रक्ताचा एक थेंब त्यांच्या गालावर पडला. छोटे वकील किंचाळले.

"पुसा! आधी पुसा ते!"

"माझं आहे हो," हवालदार म्हणाला. "साधं, पोलिसाचं."

खाली बसल्या बसल्या त्यांनी सगळं ओकलं. तीन बायकांना त्यांनी एकेकटं गाठलं होतं. दावा मागे घे, नाहीतर घरी सांगीन. समोरच्या पक्षांची बडी माणसं खूश होत होती, आणि बड्यांच्या शब्दावर सरकारी वकिलाची खुर्ची मिळणार होती. चौथीला धमकावलं तर ती म्हणाली, "सांगते बाईंना." काल दारावर त्यांनी आवाज बारीक करून म्हटलं, काज राहिलंय. तिनं वकीलबाई समजून कडी काढली.

वकीलबाई पोट धरून जिन्यावर बसल्या होत्या. "ते रक्ताचं..." त्यांनी फौजदारबाईंकडे पाहिलं.

"खोटं होतं. पाया पडते तुमच्या दोघींच्या. आजार आहेच तिला. पण डॉक्टर काय म्हणाले, ऐका. इतकी वर्षं एक गोळी चुकवली नाही तिनं. तिच्या रक्तात तो विषाणू तपासणीला सापडतसुद्धा नाही, इतका दबलाय." त्या खाली बघून मोठ्यानं म्हणाल्या, "ऐकलंत का, भाषणवाले?"

वर दार उघडलं. डॉक्टरांनी मान हलवली. शुद्धीवर आली होती.

६

घराच्या दाव्याची तारीख आठवडाभर पुढे गेली. निकाल लागला तेव्हा दीर कोठडीत होता. मारहाणीची कबुली त्यानं स्वतःच्या तोंडानं दिलेली, फोटोंसकट. न्यायाधीशांनी दोन्ही खोल्या तिच्याकडे ठेवल्या, मुलगी तिच्याकडे ठेवली आणि दिराला उंबरा ओलांडायची बंदी केली.

पण छोट्या वकिलांचा खटला उरला. त्यांनी मोठा वकील उभा केला. तो म्हणाला, गोळ्या पित्ताच्या समजून चुकून आणल्या, तळव्याला पिन लागली, आणि जिन्यात बडबडलेलं ते डोक्याला मार लागल्यामुळे. शिवणवर्गातल्या बाईला एक वकील कशाला मारील?

फौजदारबाई आणि वकीलबाई तिच्या खाटेशी बसल्या. जबडा तारांनी बांधलेला, खांदा पट्ट्यात. मुलगी पायथ्याशी झोपली होती.

"तू गप्प राहिलीस तर तो सुटू शकतो," फौजदारबाई म्हणाल्या. "आणि बोलायचं तर ते सांगावं लागेल. त्याशिवाय फिनेलला अर्थ नाही, गोळ्यांना नाही, त्या तीन बायकांना नाही."

"कायद्यानं दार बंद करून साक्ष घेता येते," वकीलबाई म्हणाल्या. "नाव बाहेर जाणार नाही, छापता येणार नाही. मी भांडेन त्यासाठी. पण बाळे, खोटा धीर नाही देत. भिंतींना कान असतात. कधीतरी, कुणाच्या तरी तोंडून, दिराच्या कानावर जाईल."

तिनं लेकीकडे पाहिलं.

"खोल्या?" तिनं तारांमधून विचारलं.

"तुझ्याच. आजारामुळे कुणी काढू शकत नाही. पोरीलाही नाही नेऊ शकत. तसा प्रयत्न केला तर मी आहेच."

"त्या तिघी?"

"तू बोललीस तर त्यांचे दावे पुन्हा उभे करू. त्या विचारतायत, ती काय करणार आहे."

तिनं डोळे मिटले. ओठ हलत होते. प्रार्थना करत होती की शब्द जुळवत होती, कळलं नाही. कदाचित दोन्ही एकच असतं.

कोर्टाची खोली रिकामी केली. शिपायानं दार लावलं, आतून कडी घातली. आत उरले न्यायाधीश, दोन्हीकडचे वकील, फौजदारबाई आणि पिंजऱ्यात नाक वाकडं झालेला एक तरुण माणूस, जो तिच्याकडे बघत नव्हता. तिला खुर्ची देऊ केली. ती उभीच राहिली. जबडा अजून पुरता उघडत नव्हता, म्हणून ती सावकाश बोलली, एकेक शब्द नीट लावून, आणि खोलीच्या शेवटच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं.

"मला एच.आय.व्ही. आहे, साहेब. माझ्या घरच्यांना ते ठाऊक नाही. ज्यानं मला मारलं, त्याला ठाऊक होतं."